हृदयाच्या गोळ्या, विषाणूच्या गोळ्या आणि चंचीतली पुडी

२०१९ च्या नवरात्रातली गोष्ट. अमडापुरात बल्लाळदेवीच्या दर्शनाला येणाऱ्यांची वर्दळ होती आणि शिवारात सोयाबीनची सोंगणी चालू होती. या दिवसांत माझ्या ओपीडीत दोनच तक्रारी जास्त असतात, ताप आणि अंगदुखी. त्यामुळे साठी ओलांडलेल्या एक मावशी मुलाचा हात धरून आत आल्या आणि "मांड्या लय दुखतात, खाली बसलं की उठता येत नाही" म्हणाल्या, तेव्हा मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लिहायला त्यांची परवानगी आहे.)

मुलाच्या हातात फाइल होती. पाच आठवड्यांपूर्वी मावशींना हार्ट अटॅक आला होता, शहरातल्या एका हॉस्पिटलात रात्रीच अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला होता. मी फाइलचं शेवटचं पान उघडलं, कारण गोळ्या तिथे असतात. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, ॲटॉर्व्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅम, मेटोप्रोलॉल, रॅमिप्रिल आणि सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल. अटॅकनंतर बहुतेकांना मिळतो तसाच कागद.

"याशिवाय दुसरी काही औषधं चालू आहेत का?" मी विचारलं.

मावशींनी मुलाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नाई. एवढ्याच."

ॲटॉर्व्हास्टॅटिनने काहींचे स्नायू दुखतात, हे मला माहीत होतं. पण स्टेंट बसून पाचच आठवडे झालेल्या माणसाची स्टॅटिन बंद करायला माझ्यासारख्या गावातल्या डॉक्टरचा हात कचरतो. मी पॅरासिटामॉल आणि कॅल्शियम लिहून दिलं, आठ दिवसांनी दाखवा म्हणालो. त्या वेळी सीपीके नावाची एक रक्ततपासणी करायला हवी होती. ती मी केली नाही.

मावशी चौथ्या दिवशीच परत आल्या, या वेळी ऑटोतून. मधल्या काळात मेडिकलमधून "कंबरेची गोळी" आणून खाल्ली होती, म्हणजे डायक्लोफेनॅक. लघवी काळ्या चहासारखी होत होती. डोळे किंचित पिवळे. घरच्यांनी निदान करून टाकलं होतं, कावीळ. शेजारच्या गावी काविळीचं झाडपाल्याचं औषध मिळतं, तिकडे जायचं की इकडे यायचं यावर घरात वाद झाला होता आणि सुदैवाने मुलगा जिंकला होता.

मी मुलाला विचारलं, डोळे कधीपासून पिवळे आहेत? तो म्हणाला, "मायचे डोळे दोनेक वर्षांपासून असेच आहेत, डॉक्टरसाहेब. अटॅक येऊन गेल्यावर उलट कमी झाले."

हे मला खटकलं. दोन वर्षं कावीळ असलेली बाई जेवतेखाते, शेतात जाते, आणि हार्ट अटॅकनंतर कावीळ ओसरते? मी फाइल पहिल्या पानापासून वाचायला घेतली. मधल्या एका पानावर बिलिरुबिन वाढलेलं दिसलं, पण लिव्हरच्या बाकीच्या चाचण्या ठीक होत्या. त्याच्या मागच्या पानावर, अँजिओप्लास्टीआधी करतात त्या तपासण्यांत, एच.आय.व्ही. पुढे एकच इंग्रजी शब्द छापलेला होता: रिॲक्टिव्ह. आणि दाखल करताना भरलेल्या पानावर 'चालू औषधे' या रकान्यात कुणीतरी 'नाहीत' लिहिलं होतं. रात्रीची तातडीची केस, सगळ्यांचं लक्ष बंद पडलेल्या रक्तवाहिनीकडे. ते समजू शकतो. पण मीही चार दिवसांपूर्वी हीच फाइल हातात घेऊन शेवटचंच पान वाचलं होतं, आणि माझ्याकडे काही रात्रीची धावपळ नव्हती.

मुलाला मी लघवीचा नमुना घेऊन लॅबमध्ये पाठवलं. दार लावून घेतलं. म्हटलं, "मावशी, बुलढाण्याहून का अकोल्याहून, कुठून आणता त्या गोळ्या?"

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग कमरेची चंची सोडली. सुपारीच्या खाली वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली पुडी होती. बाटली घरी आणली की सून वाचेल म्हणून गोळ्या काढून बाटली एसटी स्टँडवरच टाकून द्यायच्या. नवरा बारा वर्षांपूर्वी वारला. गावाला माहीत आहे की तो टीबीने गेला. "पोराले सांगू नका," एवढंच त्या म्हणाल्या.

पुडीतल्या गोळ्यांपैकी एकीत दोन औषधं एकत्र होती: ॲटाझानावीर आणि रिटोनावीर. या दुसऱ्या नावाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आजच्या लेखाचं कारण तेच आहे.

रिटोनावीर १९९६ साली अमेरिकेत मंजूर झालं, एच.आय.व्ही. विरुद्धचं औषध म्हणून. तेव्हा ६०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा द्यायचे आणि रुग्ण उलट्या-जुलाबांनी बेजार व्हायचे. पण डॉक्टरांच्या लक्षात आलं की हे औषध सोबतच्या इतर औषधांची रक्तातली पातळी प्रचंड वाढवतं. मग त्याचा उपयोगच बदलला. आज ते १०० मिलिग्रॅमच्या लहान मात्रेत देतात, विषाणूला मारायला नव्हे, तर सोबतच्या औषधाला शरीरात जास्त वेळ टिकवायला.

ते हे कसं करतं? आपल्या लिव्हरमध्ये आणि आतड्याच्या अस्तरात सीवायपी-३ए४ नावाचं एक एन्झाइम असतं. आपण घेतो त्यांपैकी बऱ्याच औषधांचा निकाल लावायचं काम त्याच्याकडे. बाजार समितीत मापारी असतो ना, तसा. गाड्या रांगेत येतात, माप होतं, गाडी रिकामी होऊन जाते. रिटोनावीर काय करतं, तर या मापाऱ्याचा हातच धरून ठेवतं. ॲटाझानावीरची गाडी उभी राहावी म्हणून ते मुद्दाम केलेलं असतं. पण मापारी एकच आहे. त्याच रांगेत ॲटॉर्व्हास्टॅटिनची गाडीही उभी असते. ती रोज नवी येत राहते आणि जुनी हलत नाही.

मावशींच्या पोटात रोज ८० मिलिग्रॅम जात होतं. रिटोनावीर असलेल्या औषधांसोबत ॲटॉर्व्हास्टॅटिन द्यायचंच झालं तर कमीत कमी मात्रेने सुरू करतात, आणि सहसा २० मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत. सिम्व्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिन तर अजिबात द्यायचं नसतं. रक्तात साठलेल्या स्टॅटिनने स्नायूंच्या पेशी फुटायला लागतात, त्यांतलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि किडनीत जाऊन बसतं. लघवी काळपट होते ती त्यामुळे. लॅबचा रिपोर्ट आला: पट्टीवर रक्त 'पॉझिटिव्ह', पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी नाहीत. म्हणजे ते रक्त नव्हतं, मायोग्लोबिन होतं. सीपीके साधारण दोनशेच्या आत असावं, ते नऊ हजारांवर होतं. क्रिएटिनीन २.१. वर डायक्लोफेनॅकने किडनीवर आणखी भार टाकलेला.

आणि पिवळे डोळे? ते ॲटाझानावीरमुळे. या औषधाने बिलिरुबिन वाढतं, डोळे पिवळे दिसतात, पण लिव्हरला त्यातून इजा होत नाही. एआरटी सेंटरमध्ये हे रुग्णाला सांगतात. मावशींनाही सांगितलं असणार. पण घरी कुणाला सांगायचं नसेल तर पिवळ्या डोळ्यांचा खुलासा कसा करणार?

आता अटॅकनंतर पिवळेपणा कमी का झाला ते पाहा. मला वाटतं या हकिगतीतला सगळ्यांत शिकवणारा भाग हाच. कागदावरची सगळ्यांत निरुपद्रवी गोळी कोणती? कुणालाही विचारा, 'गॅसची गोळी' असंच सांगेल. पॅन्टोप्राझोल. पण ॲटाझानावीर पोटात विरघळायला आम्ल लागतं. आम्लच बंद केलं तर गोळी शोषली जात नाही. डोळे पांढरे झाले म्हणून घरचे खूश होते, आणि माझा तर्क असा की तेव्हा विषाणूविरुद्धचं औषध रक्तात कमी पोहोचत होतं. ते असंच महिनोन्‌महिने चाललं असतं, तर विषाणू पुन्हा डोकं वर काढतो, औषधाला निर्ढावतो, आणि ही तर दुसऱ्या फळीची औषधं होती. त्यापुढे पर्याय फार उरत नाहीत.

तिसरी अडचण क्लोपिडोग्रेलची, आणि ती उलट्या दिशेची. क्लोपिडोग्रेल गिळतो तेव्हा ते कामाचं नसतं. वेचलेल्या कापसासारखं समजा. सरकी निघाल्याशिवाय त्याची गाठ बांधता येत नाही. लिव्हरमधल्या एन्झाइमांनी त्यावर काम केलं की मगच ते रक्त पातळ ठेवतं. रिटोनावीरने जिनिंगच बंद पाडली, तर गोळी रोज पोटात जाते आणि स्टेंटला हवं तेवढं संरक्षण मिळत नाही. स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत जास्त असते. म्हणजे एकाच कागदावर एक औषध जास्त झालेलं, एक कमी पडलेलं, आणि एक तिसऱ्याच औषधाचा रस्ता अडवून बसलेलं.

मावशींना सलाइन लावून त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं ठरलं. चिठ्ठी लिहायला घेतली आणि पेन थांबलं. काय लिहू? २०१७ साली एच.आय.व्ही. आणि एड्सबाबतचा कायदा झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची ही माहिती दुसऱ्याला सांगता येत नाही. कायद्यात उपचारासाठी डॉक्टरांना काही मोकळीक आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी मावशींचा शब्द होता. मी त्यांना विचारलं. म्हटलं, हृदयाच्या डॉक्टरांना हे सांगितलं नाही तर ते बरोबर गोळी निवडू शकणार नाहीत. त्यांनी विचार केला. "त्याईले सांगा. चिठ्ठीत नका लिवू, पोरगं वाचते."

मग चिठ्ठीत 'स्नायूंचा त्रास, स्टॅटिनमुळे' एवढंच लिहिलं आणि बाकी फोनवर सांगितलं. हृदयरोगतज्ज्ञ क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "रिपोर्ट आम्ही पाहिला होता हो. गोळ्या कोणत्या, हे विचारायचं राहिलं." मला त्यांचा राग आला नाही. माझंही तेच राहिलं होतं.

दहा-बारा दिवसांत किडनी पूर्वपदावर आली. ॲटॉर्व्हास्टॅटिन बंद झालं, नंतर रोसुव्हास्टॅटिन लहान मात्रेत सुरू केलं. क्लोपिडोग्रेलच्या जागी प्रासुग्रेल आलं, वजन कमी म्हणून कमी मात्रेत. पॅन्टोप्राझोल गेलं, त्याऐवजी फॅमोटिडिन, तेही दोन गोळ्यांत ठरावीक अंतर ठेवून. एआरटी सेंटरने व्हायरल लोड तपासला. विषाणू अजून दबलेला होता. हे सगळं डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून केलं. तुमच्या घरात कुणाच्या कागदावर यांतली नावं असतील तर हा लेख वाचून एकही गोळी बंद करू नका. स्टेंटवाल्याने रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःहून बंद करणं किंवा एआरटी मध्येच थांबवणं, दोन्ही वरच्या हकिगतीपेक्षा धोक्याचं आहे.

हा प्रश्न आता का वाढतोय, तेही सांगतो. मी एम.डी. करत होतो तेव्हा, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, एच.आय.व्ही.चे रुग्ण वॉर्डात यायचे ते शेवटचेच. औषधं होती, पण महाग. हृदयविकार होण्याइतकं आयुष्य त्यांच्यापैकी कुणाला मिळेल असं आम्हाला वाटतच नव्हतं. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत एआरटी सुरू केली, पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. त्या काळात तिशी-चाळिशीत गोळ्या सुरू झालेली माणसं आता पन्नाशी-साठीत आहेत. त्यांना बीपी होतं, शुगर होते, अटॅक येतो. खरं तर या विषाणूमुळे हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्तच असतो. ही माणसं म्हातारी होताहेत ही आनंदाची गोष्ट आहे, पण त्यांच्या हातात दोन फायली असतात आणि दोन्ही एकत्र कुठेच उघडल्या जात नाहीत.

लपवाछपवीतून औषधांचा घात होतो, याचं याहून मोठं उदाहरण जपानचं आहे. १९९३ साली तिथे नागिणीवर सोरिव्हुडिन नावाचं नवं औषध बाजारात आलं, आणि काही आठवड्यांतच पंधरा रुग्ण दगावले. हे रुग्ण कॅन्सरसाठी फ्लुरोयुरॅसिल गटातली औषधं घेत होते, आणि सोरिव्हुडिनने ती औषधं शरीरात साठू दिली. त्या काळी जपानमध्ये कॅन्सर झाल्याचं रुग्णाला न सांगण्याची पद्धत होती. ज्याला आपल्याला कॅन्सर आहे हेच माहीत नाही, तो नागिणीच्या डॉक्टरला काय सांगणार? आपल्याकडेही 'बाबांना सांगू नका' म्हणणारी मुलं माझ्या ओपीडीत दर आठवड्याला येतात. त्यांना मी ही गोष्ट सांगतो.

एवढं वाचून विषाणूविरुद्धच्या प्रत्येक औषधाची धास्ती घेऊ नका. नागिणीला देतात ते ॲसायक्लोव्हिर किंवा स्वाइन फ्लूला देतात ते ओसेल्टामिविर, यांचं हृदयाच्या नेहमीच्या गोळ्यांशी मोठं भांडण नाही. ॲसायक्लोव्हिर घेताना पाणी भरपूर प्यायचं आणि किडनी कमजोर असेल तर डॉक्टरला आधी सांगायचं, एवढं पुरे. हेपटायटिस सी मात्र वेगळा. त्यावरचं सोफोसबुविर चांगलं औषध आहे, २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून ते मोफत मिळतं. पण हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून कुणी ॲमिओडॅरोन घेत असेल, तर ही जोडी ठोके धोकादायकरीत्या मंद करू शकते. मार्च २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दल इशारा दिला, तेव्हा त्यांच्यासमोर अशा नऊ रुग्णांची माहिती होती. एक दगावला होता, तिघांना पेसमेकर बसवावा लागला होता. यात आणखी एक मेख आहे. ॲमिओडॅरोन बंद केलं तरी ते शरीरात कित्येक आठवडे, कधी महिने रेंगाळतं. म्हणून 'मागच्या महिन्यात बंद केली' ती गोळीही सांगावी लागते.

आणि रिटोनावीर आता फक्त एच.आय.व्ही.पुरतं राहिलेलं नाही. कोविडवरच्या पॅक्सलोविडमध्ये तेच असतं, पाच दिवसांसाठी. आमच्याकडे ते फारसं वापरलं गेलं नाही, पण अमेरिकेत मुलाकडे गेलेल्या आई-वडिलांना तिथला डॉक्टर ते देऊ शकतो. २०२२ मध्ये माझ्या एका रुग्णाच्या मुलाने न्यू जर्सीहून रात्री अकराला फोन केला. वडिलांच्या गोळ्यांची पाकिटं घेऊन बसला होता, आणि तिथल्या फार्मासिस्टला आपल्या कंपन्यांची नावं कळत नव्हती. फोनवर एकेक पाकीट वाचून आम्ही मूळ औषधाची नावं लावली. परदेशी जाणाऱ्यांना तेव्हापासून मी मूळ नावांचा कागद करून देतो. तुमच्या पाकिटावर कंपनीच्या मोठ्या अक्षरांखाली बारीक अक्षरांत जे नाव असतं, ते कामाचं.

मावशींची गोळी पुढे बदलली. आता त्यांना डोल्युटेग्रेविर असलेली गोळी मिळते, तिचं हृदयाच्या औषधांशी बरंच जमतं. डोळेही पांढरे झाले. पण तिचंही एक आहे. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी उपाशीपोटी सोबत घेतली तर ती नीट शोषली जात नाही. त्या दिवशी मी अंगदुखीवर सहज लिहून दिलेलं कॅल्शियम आज तसंच दिलं असतं, तर पुन्हा तेच झालं असतं. शुगरसाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचीही मात्रा पाहावी लागते.

माझ्या तपासणीच्या खोलीत तेव्हापासून एक बदल केला आहे. पहिल्यांदा आलेल्या प्रत्येकाशी दोन मिनिटं एकट्याने बोलतो. नवरा, सासू, मुलगा, कुणीही असो, बाहेर बसवतो. सुरुवातीला लोकांना ते आवडलं नाही. एका सासूबाईंनी तर दुसरा डॉक्टर धरला. त्या दोन मिनिटांत मी 'औषधं चालू आहेत का' असं विचारत नाही. विचारतो, "कोणती गोळी घरच्यांना न दाखवता घेता?" या प्रश्नाला झोपेच्या गोळीपासून चुलत्याने दिलेल्या शक्तीच्या भस्मापर्यंत काय काय उत्तरं येतात, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

मावशी दर तीन महिन्यांनी येतात. मुलगा मोटारसायकल सावलीत लावायला जातो तेवढ्यात चंची सोडून हिरवी पुस्तिका टेबलावर ठेवतात. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचतो, पहिल्या पानापासून. तो आत येईपर्यंत पुस्तिका परत सुपारीच्या खाली गेलेली असते. गेल्या खेपेला त्याने विचारलं, "मायच्या पायाचं आता कसं आहे, डॉक्टरसाहेब?" मी म्हटलं, सीपीके नॉर्मल आहे, पुढची तपासणी दिवाळीनंतर.